थंड असताना रडणारी जुनी डिझेल व्हॅन: इंजिन खोलण्याआधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा: १५ वर्षं जुनी, अडीच लाख किलोमीटरच्या वर चाललेली डिझेल व्हॅन घेतली आहे. सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. सुरू झाली की मिनिटभर थडथडते आणि पांढरा धूर टाकते. लोड घेऊन चढावर निघाली की पिकअप मरतो आणि मागे काळा धूर दिसतो. मेकॅनिकने ऑईलचं झाकण उघडून बघितलं आणि ‘बॅक मारतंय, इंजिन उतरलंय, काम करून घ्या’ असं सांगितलं. खरंच इंजिन काढावं लागेल का, आणि अशा गाडीत आणखी काय बघून ठेवावं?

इतक्यात काढू नका. मी वर्षानुवर्षं अशाच गाड्यांखाली झोपून काम केलंय. डिझेल गाडीत ब्लॉक, पिस्टन, क्रँक या गोष्टी सहसा सगळ्यात शेवटी जातात. आधी जातं ते इंजिनाभोवतीचं सामान: तारा, होज, सील, वॉशर, व्हॉल्व्ह. पंचाईत अशी की दोन्हीकडची लक्षणं बाहेरून सारखीच दिसतात, म्हणून पाना हातात घेण्याआधी मोजायचं.

सकाळच्या त्रासापासून सुरुवात करू. डिझेलला स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते, आणि त्या हवेत डिझेलचा बारीक फवारा पडला की तो आपोआप पेटतो. म्हणजे इंजिन पुरेशा वेगाने फिरलं पाहिजे, हवा पुरेशी तापली पाहिजे आणि फवारा योग्य दाबाने आला पाहिजे. या तिघांपैकी कोण कमी पडतंय ते शोधायला पहिली तपासणी फुकट आहे. रात्रभर उभी असलेली गाडी दुसऱ्या कोणाला तरी सुरू करायला सांगा आणि तुम्ही सायलेन्सरमागे उभे राहा. सेल्फ फिरत असतानाच पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, पेटत नाहीये. तेव्हा वेग, हिटर प्लग (थंड इंजिनात आतून ऊब देणारा प्लग), कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचं प्रमाण) या बाजूला बघायचं. धुराचा मागमूस नसेल आणि बऱ्याच वेळाने एकदम भडकून सुरू होत असेल, तर डिझेलच उशिरा येतंय. मग शोध टाकीपासून नोझलपर्यंतच्या, म्हणजे फवारा सोडणाऱ्या इंजेक्टरपर्यंतच्या, लाइनमध्ये घ्यायचा.

धूर येत असेल तर आधी बॅटरी आणि अर्थिंग. इथे माझीच एक चूक सांगतो, कारण ती मला महागात पडली. काम नवीन नव्हतं, उलट आपल्याला सगळं कळतं असं वाटायला लागलेले दिवस होते. अशीच एक व्हॅन आली. थंडीत सुरू होत नाही, धूर टाकते. मी चारही नोझल काढून दुरुस्तीला पाठवले, बसवले, गाडी दिली. आठवड्यात परत, तीच तक्रार. मग हिटर प्लग बदलले, तरी तेच. शेवटी गाडीखाली शिरलो आणि इंजिन ते चॅसिस जाणारी अर्थची पट्टी हातात धरली, तर तिच्या बोल्टाखाली हिरवी पूड. बाहेरून पट्टी ठीक होती, आतल्या तारा खाऊन गेल्या होत्या. सेल्फ फिरत होता, पण दमलेल्या माणसासारखा. मी मालकाकडून मजुरी घेतली नाही, पण नोझलचा खर्च तर होऊन गेला होता.

तेव्हापासून हे मोजल्याशिवाय मी पुढे जात नाही. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरा, क्लॅम्पवर नको, थेट खांबावर. दुसरं टोक इंजिनच्या उघड्या धातूवर. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.३ व्होल्टच्या आत राहिला तर अर्थ चांगली. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर पट्टी नाहीतर तिचा सांधा गेलाय. तसंच पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा मोठा बोल्ट मोजा. रात्रभर उभी गाडी असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, सेल्फ मारताना साधारण १० च्या खाली जाऊ नये, आणि इंजिन चालू असताना चार्जिंग १४ च्या आगेमागे दिसलं पाहिजे. कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल मिळतं आणि ते कॉम्प्युटर उघडतो, तिथे व्होल्टेज फार पडलं तर कॉम्प्युटरच गोंधळतो आणि इंजेक्टर उघडत नाही. म्हणजे मेलेली बॅटरी पंप गेल्याचं सोंग घेऊ शकते.

मग हिटर प्लग, म्हणजेच ग्लो प्लग. वायर काढून प्लगचं टोक आणि इंजिन यांच्यात ओहम मोजा. चांगला प्लग थंड असताना एक-दोन ओहमच्या आत दाखवतो, गेलेला काहीच दाखवत नाही. चारपैकी दोन गेले की तुम्ही सांगताय तसंच होतं: सुरू होते, मिनिटभर दोन-तीन सिलिंडरवर थडथडते, मग गरम झाली की शहाणी. प्लग चांगले असतील तर त्यांच्यापर्यंत करंट येतोय का ते बघा, कारण रिले आणि त्याचा मोठा फ्यूजही जातो. एक ताकीद: जुने प्लग हेडमध्ये कार्बनने चिकटलेले असतात. थंड इंजिनावर जोर लावलात तर प्लग मोडून अर्धा आत राहील आणि मग खरंच हेड उतरवावं लागेल. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, इंजिन गरम करा, आणि पाना थोडा पुढे, थोडा मागे असा खेळवत काढा. आणि हिटर प्लगच्या गाडीत इथरचा स्टार्टिंग स्प्रे मारू नका. तापलेल्या प्लगवर तो भलत्या वेळी पेटतो, आणि पिस्टनवरचे, दोन रिंगांच्या मधले पडदे फुटलेले मी हातात घेऊन बघितलेत.

धूर येत नसेल तर गाडी कुठून तरी हवा घेते आहे का ते बघा. रात्री उभी असताना लाइनमधलं डिझेल टाकीकडे परत उतरतं, सकाळी ती पोकळी भरेपर्यंत सेल्फ फिरत राहतो. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा जोडा आणि इंजिन चालू करा. सतत बुडबुडे दिसले तर चोर सापडला: फिल्टरचं सील, हातपंप, तडकलेला पाइप, सैल क्लिप. गंमत म्हणजे इथून डिझेल बाहेर टपकेलच असं नाही, कारण ती बाजू ओढणारी असते. तिथे हवा आत जाते, थेंब बाहेर येत नाही. फिल्टर खोलला आहे तर खालचं पाणीही सोडून घ्या.

लाइन स्वच्छ निघाली आणि गाडी कॉमन रेल असेल, तर रिटर्न, म्हणजे इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणारं डिझेल, तपासा. प्रवासी गाड्यांमध्ये कॉमन रेल १९९७ पासून यायला लागलं. तुमच्या वयाच्या व्हॅनमध्ये ते असण्याचीच शक्यता जास्त. यात इंजेक्टर उघडायला सुरू होतानाही साधारण २०० ते २५० बार दाब लागतो. एखादा इंजेक्टर आतून झिजला की दाब रिटर्नच्या नळीने पळून जातो. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडा, इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवा आणि पातळी बघा. तीन बाटल्यांत बोटभर आणि चौथीत अर्धी बाटली, असं दिसलं की दोषी कोण ते लहान पोरही सांगेल. तेवढा एकच बदलला तरी चालतो. मात्र बऱ्याच इंजेक्टरवर बारीक अक्षरांत कोड असतो, तो स्कॅनरने गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो. नाहीतर नवीन इंजेक्टर बसवूनही इंजिन खडखडत राहतं.

इथे जिवाशी गाठ आहे. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत आम्ही एकेका नोझलचा पाइप चालू इंजिनावर सैल करून कोणता सिलिंडर मिस मारतोय ते बघायचो. कॉमन रेलवर हे कधीही करायचं नाही. चालू इंजिनात दाब १,००० बारच्या वर जातो, त्या दाबाचा न दिसणारा फवारा कातडी भेदून आत घुसतो आणि बोट, कधी हात, कापावा लागतो. लिकेज शोधायचं तर पुठ्ठा पुढे धरा, हात नाही.

आता त्या ‘बॅक’बद्दल. ऑईल भरायचं झाकण उघडल्यावर थोडा वारा आणि धूर येणं जुन्या डिझेलमध्ये अगदी नेहमीचं आहे. रिंगमधून थोडा गॅस खाली जातोच. तो बाहेर पडायची वाट म्हणजे ब्रीदर, आणि अडीच लाख किलोमीटरनंतर ती वाट काजळी आणि ऑईलने तुंबलेली असते. तुंबली की झाकण उडेल इतकं प्रेशर चांगल्या इंजिनातही तयार होतं. म्हणून आधी ब्रीदर आणि त्याची नळी साफ करा, मग झाकण उलटं करून भोकावर नुसतं ठेवा. थरथरलं पण जागेवर राहिलं तर बहुधा काळजी नाही. उडून पडलं, आणि सोबत ऑईल कमी होतंय, निळा धूर येतोय, तर संशयाला जागा आहे. तेव्हाही निकाल झाकणावरून द्यायचा नाही. हिटर प्लगच्या भोकातून कॉम्प्रेशन मोजून घ्या. धडधाकट डिझेल साधारण २५ ते ३५ बार दाखवतं. इंजिनागणिक आकडा वेगळा असतो, पण चारही सिलिंडर जवळपास सारखे आहेत की एखादाच पडलाय हे जास्त महत्त्वाचं. चारही सारखे आणि विशीच्या वर असतील तर सकाळच्या त्रासाचं खापर रिंगांवर फोडता येत नाही.

चढावरचा काळा धूर हे वेगळं प्रकरण आहे, सकाळच्या दुखण्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. काळा धूर म्हणजे डिझेल पुरेसं, हवा कमी. एअर फिल्टर बघायला मिनिट लागतं, ते आधी बघा. त्यानंतर टर्बोपासून (हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंखा) इंटरकूलरमार्गे (ती हवा थंड करणारी जाळी) इंजिनापर्यंत जाणारे जाड रबरी होज. होज वरून धडधाकट दिसतो, चीर खालच्या बाजूला, क्लिपच्या कडेला असते आणि दाब आल्यावरच तोंड उघडते. म्हणून गाडी जागेवर उभी असताना काही कळत नाही, चढावर मात्र शिट्टीसारखा किंवा फुसफुस आवाज येतो. चीर शोधायची युक्ती म्हणजे हात फिरवणं. जिथे होजला ऑईलचा ओलसर, धूळ चिकटलेला डाग लागेल, तिथेच ती असते. टर्बोतून थोडं ऑईल या वाटेने येतंच, ते खूण करून ठेवतं.

होज चांगले निघाले तर ईजीआर. जळालेला थोडा गॅस परत इंजिनात सोडणारा हा व्हॉल्व्ह. त्याची काजळी आणि ब्रीदरची ऑईलची वाफ एकत्र आली की इनटेकमध्ये डांबरासारखा थर बसतो. हाताएवढ्या वाटेचं अंगठ्याएवढं भोक उरलेलं मी कितीदा तरी खरवडलंय. व्हॉल्व्ह उघडाच अडकला की प्रत्येक वेळी ताज्या हवेच्या जागी धूर आत जातो, पिकअप मरतो आणि मागून काळं सोडतो. काढून साफ करा, पण इनटेक गाडीवर असतानाच आतली काजळी खरवडून ढेकळं इंजिनात पाडू नका. इनटेक उतरवून करायचं काम आहे ते. ईजीआर पट्टी मारून कायमचा बंद करायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. मी देत नाही. प्रदूषण वाढतं, आणि या पिढीच्या बहुतेक गाड्या लगेच लाइट पेटवून लिंप मोडमध्ये जातात, म्हणजे कॉम्प्युटर मुद्दाम जोर कमी करतो.

टर्बोवर आळ सगळ्यात आधी येतो, आणि बऱ्याचदा तो निर्दोष सुटतो. तपासायचा तर इंजिन थंड आणि बंद असताना हवेच्या बाजूचा पाइप काढा, शाफ्ट बोटांत धरा. बाजूला किंचित हलणं ठीक. पुढे-मागे जाणवण्याइतकं हललं, किंवा पंख्याची पाती घराला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर गेला. शाफ्ट चांगला असून जोर येत नसेल तर आतल्या फिरत्या पट्ट्या काजळीने अडकल्या असतील, किंवा त्यांना हलवणारी व्हॅक्यूमची बारीक नळी फाटली असेल. ती नळी पेन्सिलीपेक्षा बारीक असते आणि अख्खा टर्बो बदलायला लावते. टर्बो खरोखर बदलावा लागलाच तर ऑईल येणारा पाइप आणि त्यातली जाळी नवीन घाला. जुना टर्बो ऑईल न मिळाल्यामुळे मेला असेल तर नवाही त्याच वाटेने जाईल. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारी वस्तू आहे ती.

टर्बोचं सील पूर्ण गेलं तर इंजिन स्वतःचंच ऑईल पिऊन पळायला लागतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, कारण त्याला डिझेलची गरजच उरलेली नसते. अशी वेळ आली तर ब्रेक घट्ट दाबून गाडी वरच्या गिअरमध्ये टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. जमलं नाही तर गाडीपासून लांब व्हा. उघड्या टर्बोवर हात ठेवायला कोणी जाऊ नये.

गाडीला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर थोडं त्याबद्दल. काजळी साठवून ती साधारण ६०० अंशांना जाळायचं त्याचं काम, आणि त्यासाठी इंजिन नीट तापून काही वेळ सलग चाललं पाहिजे. रोज दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्या व्हॅनमध्ये तो तुंबणारच. जाळणं अर्धवट राहिलं की जास्तीचं डिझेल ऑईलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिकवर ऑईल कमी झालंय का बघता तसं वाढलंय का तेही बघा. वाढलेलं ऑईल ही आनंदाची बातमी नाही. ते पातळ झालेलं असतं आणि बेअरिंग खातं. ऑईल काळं असण्यावर मात्र जाऊ नका, डिझेलमध्ये नवीन ऑईलही पहिल्याच दिवशी काळं होतं.

बॉनेट उघडलंय तर इंजेक्टरच्या बुडाशी बघा. तिथे काळं, कडक डांबर जमलंय आणि इंजिनाच्या ठेक्यावर चुस-चुस आवाज येतोय का? मग खालचा तांब्याचा वॉशर गेलाय. वॉशर क्षुल्लक असतो, पण दुर्लक्ष केलं की इंजेक्टर हेडमध्ये असा रुतून बसतो की काढताना घाम फुटतो. वॉशर नेहमी नवीन घालायचा, बोल्टही शक्यतो नवा, आणि बसायची जागा साफ केल्याशिवाय काही बसवायचं नाही.

कूलिंगचं एकच सांगतो. सकाळी गाडी सुरू करण्याआधी वरचा रेडिएटर होज दाबा. रात्रभर थंड झालेल्या गाडीत तो मऊ हवा. कडक लागला, किंवा चालू इंजिनात कूलंटच्या टाकीत सारखे बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटची तपासणी करून घ्या. टाकीच्या तोंडावर धरायचं एक निळं रसायन मिळतं, जळालेला गॅस आला की त्याचा रंग बदलतो. दुसऱ्या टोकाला, तापमानाचा काटा वर चढतच नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. लोक ‘थंड चालते, बरंय’ म्हणून खूश असतात, पण असं इंजिन डिझेल जास्त पितं आणि काजळीही जास्त करतं.

क्लच तपासायला सपाट, मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने चालवत एकदम ॲक्सिलरेटर द्या. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मागेच राहिली तर प्लेट घसरतेय. चढावर दम तोडण्यात हिचाही वाटा असू शकतो, फक्त तेव्हा काळा धूर नसतो. न्यूट्रलमध्ये खडखड आणि क्लच दाबला की शांत, असं असेल तर दुहेरी फ्लायव्हील किंवा गिअरबॉक्सचं बेअरिंग. गिअरबॉक्स उतरवलाच तर प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑईल सील एकदमच करा. त्या मजुरीत दुसऱ्यांदा कोणी हात घालू नये.

ब्रेकचं पेडल कडक होत असेल तर व्हॅक्यूम पंप बघा. डिझेलमध्ये बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इंजिन स्वतःहून देत नाही, त्यासाठी वेगळा पंप असतो. खाली शिरून ब्रेकच्या लोखंडी पाइपांवर, पाट्यांच्या टोकांवर आणि चॅसिसच्या जोडांवर स्क्रू-ड्रायव्हरचा दांडा ठोकत जा. खणखण आली तर लोखंड, भद्द आवाज आला तर गंज. मी व्हॅन घेताना हे इंजिन ऐकण्याच्याही आधी करतो. इंजिन बदलता येतं, कुजलेली चॅसिस नाही.

राहिला टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टनच्या चालीशी व्हॉल्व्हची उघडझाप जुळवून ठेवणारा पट्टा. तुमच्या इंजिनात चेन आहे की बेल्ट ते आधी शोधा. बेल्ट असेल आणि तो कधी बदलला याची लेखी नोंद आधीच्या मालकाकडे नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरा. बेल्टला किलोमीटरची मर्यादा असते तशी वर्षांचीही असते, उभ्या गाडीतही रबर म्हातारं होतं. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं त्या दिवशी खरं ठरेल. बेल्टसोबत टेन्शनर, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही बदला. सकाळच्या त्रासावरच्या सगळ्या तपासण्या आठवडाभर लांबल्या तरी चालतील. बेल्टची नोंद मात्र आज शोधा, आणि सापडेपर्यंत गाडी लोड भरून लांब नेऊ नका.